सुट्टीतली पंचवीस मिनिटे : कशावर खर्च करायची?

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

परीक्षा संपत आल्या की पालक हमखास विचारतात, "सुट्टीत काय करून घेऊ?" या प्रश्नाला दोन टोकांची उत्तरे मिळतात. काही घरांत निकाल लागायच्या आत पुढच्या इयत्तेची पुस्तके येतात आणि पहिला धडा सुरूही होतो. काही घरांत "वर्षभर राबलंय पोर, आता वहीला हात लावायचा नाही" असे ठरते. मग शाळा उघडल्यावर पाचवीतले मूल साध्या भागाकारापाशी अडते आणि घरातले सगळे गोंधळतात. भाषा आणि गणित शिकवणारे आम्ही काही शिक्षक या पत्रातून एकच सांगू इच्छितो. सुट्टीत मुलाची समज सहसा जात नाही, सराव जातो. म्हणून सुट्टीत नवे शिकवण्याच्या मागे लागू नये. आधी येत असलेलेच रोज थोडे थोडे, पुस्तक मिटून, आठवायला लावावे. रोज पंचवीस मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस पुरतात. फक्त ती कशावर खर्च करायची हे नेमके ठरवावे लागते.

सुट्टीत आधी काय निसटते याचा अभ्यास झालेला आहे. १९९६ साली अमेरिकेतील हॅरिस कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उन्हाळी सुट्टीच्या परिणामांवरचे ३९ अभ्यास एकत्र तपासले. सरासरी पीछेहाट सुमारे एका शालेय महिन्याएवढी दिसली आणि ती आकडेमोडीत व शब्दलेखनात सर्वांत जास्त होती. पुढे या आकड्यावर संशोधकांत वाद झाले. सुट्टीआधी आणि सुट्टीनंतर घेतलेल्या चाचण्या नेहमी एकसारख्या नव्हत्या, हा त्यातला एक आक्षेप. पण आकडेमोड आणि शुद्धलेखन आधी ढिले पडते, हे कोणत्याही वर्गशिक्षकाला पटेल. बोलणे, ऐकणे, गोष्ट समजून घेणे हे घरात दिवसभर चालूच असते. हातच्याची वजाबाकी मात्र संपूर्ण सुट्टीत घरात कुणालाच कागदावर करावी लागत नाही.

आणखी एक जुनी गोष्ट पालकांना धीर देणारी आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःच्या स्मरणावर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. विसर सुरुवातीला झपाट्याने पडतो, मग त्याचा वेग मंदावतो. आणि विसरलेले पुन्हा शिकायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो, हे त्यांतून दिसले. त्यामुळे मुलाने "आठवत नाही" म्हटले म्हणजे ते कधी आलेच नव्हते असे समजू नये. दोन-तीन दिवसांच्या सरावात बरेचसे परत येते. तेवढ्यात "वर्षभर काय केलंस मग?" असे विचारले, की मूल वहीपासून लांब पळते.

परीक्षेनंतरचा पहिला आठवडा पूर्ण मोकळा ठेवा. त्यानंतर दोन दिवस केवळ चाचपणी करा, शिकवणे नको. संपलेल्या इयत्तेच्या पातळीचा, पण मुलाने न वाचलेला, साधारण १०० शब्दांचा उतारा मोठ्याने वाचायला द्या. मूल किती शब्दांना अडखळते ते गुपचूप मोजा. पाचपर्यंत अडखळत असेल तर ती पातळी सरावाला योग्य आहे. दहाच्या पुढे गेले तर एक इयत्ता खालचे पुस्तक घ्या. त्यात कमीपणा काही नाही. कुठे अडते तेही टिपून ठेवा. मराठी वाचनात ठरावीक जागा आहेत : जोडाक्षरे, पाच-सहा अक्षरांचे लांब शब्द आणि रफार. रफार लिहिला जातो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, वाचायचा मात्र त्या अक्षराच्या आधी. म्हणून 'वर्ग'चे 'वग्र' होते. असे मूल सगळेच कच्चे वाचते असा निष्कर्ष काढू नका. रफाराचे वीस शब्द आठवडाभर रोज वाचले की ही अडचण बहुधा सुटते.

गणितात दहा उदाहरणे द्या आणि बरोबर-चूक मोजून थांबू नका, चुकीच्या उत्तराकडे नीट पाहा. ५०३ − २४७ हे एकच उदाहरण घ्या. बरोबर उत्तर २५६. एका मुलाने ३४४ लिहिले, तर त्याने प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. ३ मधून ७ जात नाहीत म्हणून ७ मधून ३ काढले. दुसऱ्याने २६६ लिहिले, तर त्याला हातचा घेणे माहीत आहे, पण शून्यापाशी घोटाळा झाला आहे : शतकाकडून घेऊन शून्याचे दहा केले, त्यातला एक एककाला दिला आणि दहाचे नऊ करायचे राहून गेले. दोघेही 'वजाबाकीत कच्चे' म्हणून एकाच माळेत ओवले जातात. खरे तर पहिल्याला दशकाचे गठ्ठे आणि सुट्या काड्या हातात देऊन गठ्ठा सोडून दाखवावा लागतो, दुसऱ्याला मध्ये शून्य असलेली चार-पाच उदाहरणे पुरतात. तशीच इतर उत्तरेही बोलकी असतात. ६१८ ÷ ६ चे उत्तर १३ आले, तर भागाकारात शून्य लिहायचे राहिले आहे (बरोबर १०३). ३६ × २४ चे २१६ आले, तर दुसऱ्या ओळीत दशकाचे घर सोडलेले नाही (बरोबर ८६४). ०.३५ हे ०.५ पेक्षा मोठे वाटत असेल, तर मूल दशांशचिन्हापुढचे आकडे पूर्ण संख्येसारखे वाचते आहे. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश बरोबर दोन पंचमांश असे लिहिले असेल, तर नियम पुन्हा सांगण्याआधी विचारा : दोन पंचमांश हे अर्ध्यापेक्षा कमी आहेत, अर्ध्यात भर घातली तर उत्तर अर्ध्याहून कमी कसे आले? या प्रश्नावर मूल स्वतःच थांबते. वरच्या वर्गांत −३ − ५ चे ८ किंवा −२ होणे, २(क्ष + ३) चे २क्ष + ३ होणे, या चुका शोधाव्यात.

या दोन दिवसांतून तीन किंवा चार कच्च्या जागा निवडा. त्याहून जास्त नकोत. सुट्टीचा सगळा अभ्यास तेवढ्यावरच.

पंचवीस मिनिटांची विभागणी साधी आहे : पाच मिनिटे पाढे, दहा मिनिटे गणिते, आणि उरलेली दहा मिनिटे एक दिवस मोठ्याने वाचन, एक दिवस लेखन. वेळ रोज एकच ठेवा आणि ती रोज घडणाऱ्या एखाद्या गोष्टीला जोडा, म्हणजे आंघोळीनंतर किंवा खेळायला जाण्याआधी. "वेळ मिळेल तेव्हा करू" असे ठरवले की रोज वादावादी होते आणि दहाव्या दिवशी सगळे बंद पडते. पंचवीस मिनिटे झाली की थांबायचे, उदाहरण अर्धे राहिले तरी चालेल. चांगले चालले आहे म्हणून तासभर लांबवले, तर दुसऱ्या दिवशी मूल बसायला तयार होत नाही.

पाढ्यांबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण पुढचा भागाकार, अपूर्णांक, शेकडेवारी हे सगळे त्यांवर उभे असते. पाढे तालात म्हणणे चांगलेच आहे. तरीही तेवढे पुरत नाही. तालात पाठ असलेले मूल सात आठे किती हे विचारल्यावर 'सात एके सात, सात दुणे चौदा' पासून चढत जाते. भागाकार करताना असे प्रत्येक पायरीला चढावे लागले, तर मूळ उदाहरण कुठे होते हेच ते विसरते. म्हणून सुटे सुटे गुणाकार चटकन आठवायला हवेत. दोन ते नऊ या अंकांचे आपसांतले गुणाकार ६४ होतात, पण ७ × ८ आणि ८ × ७ एकच धरले की उरतात ३६. जाड कागदाची ३६ कार्डे कापा; एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. एकदा सगळी विचारा. तीन सेकंदांत उत्तर आले ती बाजूला ठेवा. अडणारी कार्डे बहुधा ठरलेलीच असतात : ६ × ७, ६ × ८, ७ × ८, ६ × ९, ७ × ९, ८ × ९ आणि त्यांच्या आसपासची.

आता तीन पाकिटे घ्या. पहिल्यातली कार्डे रोज, दुसऱ्यातली दर तिसऱ्या दिवशी, तिसऱ्यातली आठवड्यातून एकदा विचारायची. अडणारी आठ-दहा कार्डे पहिल्या पाकिटात टाका. बरोबर आणि चटकन उत्तर आले की कार्ड पुढच्या पाकिटात, चुकले की परत पहिल्यात. मधले अंतर वाढत जाते ते मुद्दाम. थोडे विसरायला लागल्यावर आठवण्याचा प्रयत्न केला, तर ते अधिक पक्के होते. याची एक अट आहे : उत्तर तोंडाने सांगितल्याशिवाय कार्ड उलटायचे नाही. नाहीतर मूल कार्ड उलटते, "हां, माहीत होतं" म्हणते आणि त्याला खरोखरच तसे वाटते. ओळखणे आणि आठवणे यांत फरक आहे. चार पर्यायांतून उत्तर निवडायला लावणारी मोबाईलवरची अ‍ॅप आणि रिकाम्या जागा भरायची रंगीत सुट्टी-पुस्तके आम्हाला अपुरी वाटतात ती याचसाठी. त्यांत बरेचदा ओळखण्याचाच सराव होतो. २००६ साली हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगात उतारा पुन्हा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुढे होते, पण आठवड्यानंतर पुढे गेले ते पुस्तक मिटून आठवून लिहिणारे.

गणिताच्या दहा मिनिटांत चार ते सहा उदाहरणे पुरेत, पण ती मिश्र असावीत. एका दिवशी वीस बेरजा, दुसऱ्या दिवशी वीस वजाबाक्या असा सराव दिसायला जोरदार दिसतो. त्यात पहिल्या उदाहरणानंतर मुलाला विचार करावा लागत नाही, कोणती क्रिया करायची ते ठरलेलेच असते. बेरीज, भागाकार, अपूर्णांक आणि एक शाब्दिक उदाहरण असे एकत्र दिले की प्रत्येक वेळी "इथे काय करायचं?" हे आधी ठरवावे लागते. अशा सरावात सुरुवातीला चुका जास्त होतात. त्या पाहून पद्धत सोडू नका.

शाब्दिक उदाहरणात मुले गोष्ट न वाचता शब्द हुडकतात. 'राजूकडे १२ गोट्या आहेत. त्या मीनाच्या गोट्यांपेक्षा ५ ने जास्त आहेत. मीनाकडे किती?' यात 'जास्त' दिसले की बेरीज, उत्तर १७. खरे उत्तर ७. 'एकूण' म्हणजे बेरीज, 'उरले' म्हणजे वजाबाकी अशा खुणा शिकवण्याचा हा परिणाम आहे. आकडे झाकून गोष्ट स्वतःच्या शब्दांत सांगायला लावा, "गोट्या कुणाकडे जास्त आहेत?" एवढेच विचारा, मग आकडे उघडा.

घरातल्या व्यवहारातून गणित शिकवा, हा सल्ला सगळीकडे दिला जातो. तो चांगला आहे. टेबलाची लांबी आधी अंदाजाने सांगून मग मोजणे, ५ वाजून ४० मिनिटांनी सुरू झालेला ७५ मिनिटांचा खेळ कधी संपेल ते काढणे, यातून संख्येची जाण वाढते. आपल्या दैनिकात येणारे रोजचे कमाल तापमान महिनाभर वहीत नोंदवून त्याचा आलेख काढणे हाही उत्तम उद्योग आहे. पण लेखी रीत त्याने टिकत नाही. तीन अंकी भागाकार व्यवहारात कुणी कागदावर मांडत नाही, त्यामुळे तो वेगळा करावाच लागतो.

मोठ्याने वाचनासाठी १०० ते १५० शब्दांचा एकच उतारा सलग तीन-चार बैठकांत वाचायला द्या. पहिल्यांदा मोठ्यांनी वाचून दाखवावा, मग दोघांनी मिळून, मग मुलाने एकट्याने. चौथ्या वेळी वाचन सलग होते आणि ते मुलाला स्वतःला ऐकू येते. अडखळल्यावर लगेच शब्द सांगू नका, "नीट बघ" असेही म्हणू नका. मनात पाच मोजेपर्यंत थांबा. तरी नाही आले तर शब्द सांगा आणि पुढे जाऊ द्या, शेवटी त्या शब्दाकडे परत या. प्रत्येक चूक थांबवून दुरुस्त केली की वाक्याचा अर्थ हातातून निसटतो. अर्थ बदलणारी चूक तेवढी सुधारा.

आवडीचे वाचन या पंचवीस मिनिटांत धरू नका. ते वेगळे, आणि पुस्तक मुलानेच निवडलेले. पुस्तक झेपेल का हे मुलाला स्वतःला तपासता येते : मधले एखादे पान उघडायचे, न समजलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट दुमडायचे, पान संपायच्या आत पाचही बोटे मिटली तर ते पुस्तक सध्या बाजूला. चित्रकथा, खेळाडूंची चरित्रे, प्राण्यांची माहिती, वाचून झालेलेच पुस्तक पुन्हा, सगळे चालते. वाचल्यावर तात्पर्य विचारू नका. "पुढे काय होईल असं वाटतं, आणि कशावरून?" हा प्रश्न पुष्कळ बरा. मूल स्वतः वाचू लागले तरी त्याला वाचून दाखवणे बंद करू नये. त्याला अजून न झेपणारे शब्द आणि वाक्ये त्याच्या कानावर पडायला हवीत.

लेखनात दोन अडचणी असतात. पहिली हाताची : काही आठवडे पेन्सिल धरली नाही की हात लवकर दुखतो, अक्षर मोठे होते आणि ओळ सोडते. पाच मिनिटांपासून सुरुवात करून दहावर या. दुसरी शुद्धलेखनाची. चुकलेला शब्द दहा वेळा लिहायला लावणे निरुपयोगी आहे. तिसऱ्या ओळीपासून मूल वरची ओळ उतरवते, आणि वर चूक असेल तर तीच खाली उतरत जाते. त्याऐवजी शब्द बघायचा, झाकायचा, आठवून लिहायचा, मग उघडून अक्षर-अक्षर ताडायचा. लेखनाच्या दिवशी पाच शब्द. आठवड्यातून एकदा पाच छोट्या वाक्यांचे श्रुतलेखन घ्या आणि तपासायला पुस्तक मुलाच्याच हाती द्या. आपल्या चुकांची यादी मुलाने वहीच्या शेवटच्या पानावर ठेवावी. बहुतेक चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या असतात आणि त्यांना नियम आहेत. शब्दाच्या शेवटचा इकार-उकार मराठीत दीर्घ (पाटी, लाडू, कवी, 'आणि' हा अपवाद). 'फूल', 'मूल', 'गरीब' यांतला दीर्घ स्वर विभक्तीचा प्रत्यय लागला की ऱ्हस्व होतो : फुलाला, मुलाने, गरिबाचा. या दोन नियमांची उदाहरणे मुलांनी स्वतः वाचनातून शोधून काढली तर ती विसरत नाहीत. संख्यांचेही श्रुतलेखन घ्या. मराठीत एकक आधी उच्चारला जात असल्याने 'त्रेसष्ट' ऐकून ३६ लिहिणारी मुले असतात. एकोणसाठ, एकोणऐंशी यांत तर मोठीही गडबडतात.

प्रवास, पाहुणे, आजारपण यांमुळे आठवडा बुडाला तर बुडाला. भरपाई म्हणून दुप्पट अभ्यास लावू नका. पहिल्या पाकिटापासून पुन्हा सुरू करा. शाळेने दिलेला सुट्टीचा गृहपाठ मात्र शेवटच्या तीन दिवसांवर ढकलू नका. रोज एक पान केले तर तो उपयोगी पडतो, शेवटी घाईने उरकला तर तो फक्त वही भरण्यापुरता राहतो. शाळा उघडण्याआधीच्या दहा दिवसांत झोपण्या-उठण्याची वेळ रोज पंधरा मिनिटांनी मागे आणत शाळेच्या वेळेशी जुळवा. आणि पुढच्या इयत्तेचे धडे? वर्गात प्रकरण सुरू होते तेव्हा अर्धवट शिकलेल्या मुलाला "हे मला येतं" असे वाटून ते लक्ष देत नाही, आणि खालचा पाया तसाच कच्चा राहतो.

हे सारे लिहिताना एका गोष्टीची जाणीव आहे. ज्या घरात पुस्तके नाहीत, किंवा शेजारी बसून ऐकायला कुणाला फुरसत नाही, तिथे ही पंचवीस मिनिटे पालकांच्या भरवशावर सोडता येत नाहीत. म्हणून शाळांना विनंती, की सुट्टीत आठवड्यातून निदान एक दिवस ग्रंथालय उघडे ठेवावे आणि एका वेळी चार-पाच पुस्तके घरी न्यायला द्यावीत. पुस्तके फाटतील, हरवतील. कपाटात कुलूपबंद राहण्यापेक्षा ते बरे. सहावी-सातवीच्या मुलांना दुसरी-तिसरीच्या मुलांचे वाचन ऐकायला बसवता येते, त्यात दोघांचाही सराव होतो. शाळा सुरू झाल्यावर पहिले दोन आठवडे नवे प्रकरण काढू नये. गुण न देता वर सांगितल्यासारखी चाचपणी घ्यावी आणि वर्गाच्या कच्च्या जागा भरून घ्याव्यात.

आपल्या दैनिकाकडेही एक मागणे आहे. सुट्टीच्या काळात आठवड्यातून एकदा मुलांसाठी सुमारे १२० शब्दांचा एक उतारा मोठ्या टंकात छापावा. त्यातली वाक्ये लहान असावीत आणि खाली शब्दसंख्या दिलेली असावी, म्हणजे मूल शंभरात किती ठिकाणी अडखळते हे कोणत्याही घरात मोजता येईल. शेजारी मिश्र गणिते सहा, आणि उत्तरे त्याच पानावर न देता पुढच्या आठवड्यात.

आपले,
प्राथमिक व माध्यमिक वर्गांना भाषा आणि गणित शिकवणारे काही शिक्षक